सात दिवसांचे दर्यासारंग

बंदरात शिरताना ज्या बोटीवर सगळ्यांत जास्त आरडाओरडा चाललेला असतो, ती बोट भाड्याची आणि तिचा कॅप्टन हौशी, हे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. तिथल्या कोळ्याची होडी मुकाट येते. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात सिगारेट, आणि धक्क्यावर दोर टाकणाराही तोच. सिगारेट न विझवता. हौशी कॅप्टनला त्याच कामाला बायको, मुलगी, दोन मित्र, हवामानाची चार ॲप आणि गळ्याच्या झाडून सगळ्या शिरा लागतात.

उन्हाळ्यात ही जमात तिथं हजारोंनी उतरते. जर्मन, ऑस्ट्रियन, झेक, पोलिश, आणि अधूनमधून एखादा मराठीसुद्धा. आमचा नमुना म्युनिकचा. मूळ सदाशिव पेठ. त्यामुळे पाण्याशी पिढीजात संबंध म्हणजे वडिलांनी सांगितलेला पानशेतचा पूर. पोटापाण्यासाठी ते मोटारींच्या ब्रेकवर काम करतात. तिथं इतके मवाळ, की मीटिंगमध्ये बोलायचं झालं तर आधी हात वर करतात आणि कुणाचं लक्ष गेलं नाही तर हळूच खाली घेतात. चाळिशी उलटल्यावर त्यांनी बव्हेरियातल्या तळ्यात शिडाचे धडे गिरवले, समुद्राचा परवाना काढला, रेडिओचं प्रमाणपत्र काढलं (हे दोन कागद दाखवल्याशिवाय क्रोएशियात बोटीची किल्ली हातात पडत नाही), आणि एका उन्हाळ्यात गाडी हाकत, आल्प्सखालचे बोगदे मागं टाकत स्प्लिटला जाऊन थडकले. तेव्हापासून त्यांना नावानं हाक मारलेली चालत नाही. 'कॅप्टन' म्हणायचं.

या किनाऱ्यावर भाड्याच्या बोटींचा आठवडा शनिवार ते शनिवार. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळते आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ती मुक्कामी परत हजर करायची असते. म्हणजे सातातले धड सहाच दिवस समुद्राचे. पण हा हिशोब कॅप्टनसमोर मांडायचा नाही.

स्प्लिटशेजारच्या काश्तेलाच्या मरिनात बोट ताब्यात घ्यायचा विधी मी डोळ्यांनी पाहिलाय. मुलगी बघायला आलेले मुलाकडचे लोकही तिला इतकं निरखून बघत नाहीत. मागच्या भाडेकरूनं पाडलेला प्रत्येक ओरखडा कॅप्टन शेजारी एक युरोचं नाणं ठेवून मोबाइलमध्ये टिपतात. अनामत रकमेचा मामला असतो. या वेळी ती 'त्यांची' बोट असते: 'यांनी शिडाला ठिगळ लावलंय', 'यांच्या पंख्याचा आवाज ऐका'. कागदावर सही झाली रे झाली, की त्याच क्षणी ती 'आपली' होते. पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो जातो. ४६ फूट लांबी, तीन खोल्या, डोलकाठी आकाशात, आणि सुकाणूवर हात ठेवून पाठमोरे कॅप्टन. पुण्याहून लगेच विचारणा येते, 'केवढ्याला घेतली?' कॅप्टन त्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, आणि खोडूनही काढत नाहीत.

मग खलाशांची शिकवणी. खलाशी म्हणजे वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी लेक, एक डोंबिवलीकर मित्र आणि मी. पहिला धडा संडासाचा. बोटीवरच्या संडासात हातपंप असतो आणि त्याची नळी बोटाएवढी, त्यामुळे जगभरच्या खलाशांचा नियम एकच: जे आधी खाल्लेलं नाही, ते यात टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही. "आणि खाल्लंय, पण पचलेलं नाही, त्याचं काय करायचं?" डोंबिवलीकरानं विचारलं. कॅप्टननी त्याला भांडी विसळण्याच्या कामावर लावलं. दुसरा धडा दिशांचा. बोटीवर डावं-उजवं म्हणायचं नाही, पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणायचं, कारण माणूस वळला की डावं-उजवं बदलतं आणि पोर्ट बदलत नाही. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचे सगळे दिवस 'बेकरीच्या बाजूला', 'चर्चच्या बाजूला' आणि 'त्या लाल चड्डीवाल्याच्या बाजूला' असंच सांगत राहिल्या. एकदाही चुकल्या नाहीत. पोर्ट-स्टारबोर्डात कॅप्टन दोनदा गडबडले, पण त्याला वारा जबाबदार होता.

वाऱ्याचं तिथं मोठं प्रस्थ. बुरा येतो तो ईशान्येकडून, डोंगरावरून, थंड आणि झोडपणारा. युगो आग्नेयेकडचा, दमट, दिवसेंदिवस लाटा चढवत नेणारा. आणि उन्हाळ्यातला रोजचा भरवशाचा तो मायेस्त्राल, वायव्येकडचा. शाळेच्या भूगोलात आपण 'खारे वारे' म्हणून पाठ केले, त्याच घराण्यातला. जमीन तापल्याशिवाय तो उठत नाही. दहा-अकराला डोळे चोळतो, दुपारी दोन-तीनला भरात येतो, दिवस कलला की विझतो. कॅप्टनना हे तोंडपाठ आहे. तरी ते सगळ्यांना सकाळी सहाला उठवतात, वारा निसटू नये म्हणून. मग सहा ते अकरा डिझेलवर. काचेसारख्या पाण्यातून, शिडं गुंडाळलेली, इंजिन धडधडतंय, आणि कॅप्टन डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाकडे मान मोडेपर्यंत बघतायत. शिडाच्या बोटींचा हा प्रवास निम्म्याहून जास्त इंजिनावर होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाच्याही फोटोत दिसत नाही.

अकराला मात्र पाण्यावर बारीक सुरकुत्या येतात. कॅप्टन इंजिन बंद करतात. शीड फडफडून भरतं, बोट एका कुशीला कलते, आणि नुसता पाण्याचा आवाज उरतो. ते दोन-तीन तास खरोखर सोन्याचे. तेवढ्यात कॅप्टन बोलायला लागतात. "साडेपाच नॉट!" थोड्या वेळानं, "पाच पूर्णांक आठ!" साडेपाच नॉट म्हणजे ताशी दहा किलोमीटर, पण हे गणित त्यांच्या लेकीनं एकदा मोठ्यानं करून दाखवल्यावर तिला नांगराच्या साखळीवरचा चिखल धुवायला पाठवण्यात आलं होतं.

स्वयंपाकघर वहिनींच्या ताब्यात. तिथल्या खानावळीत, कोनोबात, एकदा जेवायचंच असतं. तीन तास आधी फोन करून 'पेका' सांगून ठेवायचा, म्हणजे लोखंडी झाकणावर निखारे रचून ते ऑक्टोपस आणि बटाटे शिजवून ठेवतात. पण रोज कोण तेवढे युरो मोजणार? म्हणून म्युनिकहून कुकर आलेला असतो. आता गंमत अशी, की समुद्रावर भोंग्याचे नियम जगभर ठरलेले आहेत. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझं इंजिन उलटं चाललंय. पाच म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही. वहिनींचेही नियम ठरलेले आहेत: बटाट्याला दोन, डाळ-भाताला तीन, छोल्यांना सहा. ह्वारसमोरच्या पाक्लेनी बेटांच्या एका गच्च भरलेल्या खाडीत, संध्याकाळी, वरण-भाताची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मागच्या बोटीवरचा ऑस्ट्रियन हातातली वाइन ठेवून उठला आणि त्यानं रबरी फुगे (फेंडर) बाहेर काढले.

"गॅस बंद कर! तू अख्ख्या खाडीला सांगतेयस की आपण मागं येतोय!"

"सांगू दे. डाळ कच्ची ठेवू?"

दुसऱ्या दिवशी छोले होते. कॅप्टन त्या ऑस्ट्रियनाला आधीच जाऊन सांगून आले, वर वाटीभर छोले देण्याचं कबूल करून.

कॅप्टनना इतिहासाचा नाद आहे, पण तोही आरमारी थाटाचा. स्प्लिटमध्ये डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतींच्या आत अजून लोक राहतात, कपडे वाळत घालतात, कॉफी पितात. या डायोक्लेशियननं ३०५ साली आपणहून राज्य सोडलं आणि तो इथं, आपल्या जन्मगावाजवळ, समुद्राकाठी येऊन राहिला. परत गादीवर बसा म्हणून गळ घालणाऱ्यांना तो म्हणे माझे कोबीचे गड्डे बघून जा म्हणाला. ही कथा कॅप्टन दर वर्षी त्याच कमानीखाली उभं राहून सांगतात, आणि तिच्या शेवटी बाणेरचा फ्लॅट विकून बोट घेण्याची योजना असते.

"त्यानं बायकोला विचारलं होतं का?" वहिनी म्हणाल्या.

कॅप्टननी फोनवर शोधलं. सम्राटाची बायको प्रिस्का. इतिहासात ती पुढं दिसते ती नवऱ्याजवळ नव्हे, लेकीबरोबर. कॅप्टननी फोन खिशात टाकला आणि आइस्क्रीम कुणाकुणाला हवंय ते विचारलं.

पण त्यांचं खरं तीर्थक्षेत्र व्हिस. मुख्य किनाऱ्यापासून बरंच लांब, समुद्रात पुढं जाऊन बसलेलं हे बेट. युगोस्लाव्ह नौदलाच्या ताब्यात असताना, १९८९ पर्यंत, परदेशी माणसाला इथं पाऊल टाकता येत नव्हतं. पाणबुड्या दडवायला डोंगरात कोरलेला बोगदा अजून आहे, आणि कॅप्टन त्यात रबरी होडी घेऊन शिरतात, तोंडानं पाणबुडीचा आवाज काढत. माणूस पंचावन्न वर्षांचा. बंदराच्या तोंडाशी दीपगृह असलेलं एक चिमुकलं बेट आहे, त्याचं नाव होस्ट. विल्यम होस्ट हा इंग्रज कॅप्टन. १८११ साली त्यानं याच पाण्यात चार लढाऊ जहाजांनिशी आपल्याहून मोठ्या फ्रेंच-व्हेनिशियन ताफ्याला पळवलं, आणि फावल्या वेळात व्हिसवर क्रिकेट सुरू केलं. आज त्या बेटावर त्याच्या नावाचा क्रिकेट क्लब आहे. फुटबॉलवेड्या क्रोएशियात, द्राक्षमळ्यांच्या मधोमध बॅट आणि स्टंप दिसल्यावर आमच्या डोंबिवलीकराच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर त्याला सगळा प्रवास बोअर वाटत होता.

याच व्हिसजवळ १८६६ साली दुसरी मोठी लढाई झाली. टेगेटहोफ या ऑस्ट्रियन सेनापतीनं तोफांची फार भीड न बाळगता जहाजांनी जहाजांवर सरळ धडका मारल्या, आणि 'रे द'इतालिया' हे इटलीचं जहाज तसंच बुडवलं. कॅप्टन हे आम्हांला रंगवून सांगत होते तेव्हा व्हिसचा धक्का शंभरेक हातांवर आला होता.

"म्हणजे धडक मारायची इथं पद्धतच आहे," डोंबिवलीकर म्हणाला.

त्यानंतर कॅप्टन बोलले नाहीत. ओरडले.

इथं बोट लावायची तऱ्हा समजून घ्यायला हवी, नाहीतर ओरडण्याचं मर्म कळायचं नाही. त्या बाजूच्या बंदरांत बोट धक्क्याला आडवी लागत नाही, जागा कुठाय? ती पाठ करून, उलटी, दोन बोटींच्या फटीत घालायची. मागचे दोन दोर धक्क्यावर बांधायचे. पुढचं तोंड धरून ठेवायला समुद्राच्या तळाशी काँक्रीटचा ठोकळा असतो, त्याचा दोर धक्क्यावरचा पोरगा वर उचलून देतो. तो पकडायचा, हातात घेऊन बोटीच्या टोकापर्यंत पळायचं, ओढायचा, बांधायचा. त्या दोराला शेवाळ, शिंपल्या आणि गेल्या पन्नास बोटींचे शिव्याशाप लागलेले असतात. उलट जाताना बोट वेग धरेपर्यंत सुकाणूचं ऐकत नाही. वेग धरला की ऐकते, पण थांबत नाही. बोटीला ब्रेक नसतो, हे ब्रेकच्या इंजिनिअरला दर संध्याकाळी नव्यानं कळतं. त्यात ज्या मायेस्त्रालसाठी सकाळी सहापासून नवस बोलले, तो नेमका आता, पाच वाजता, आडवा सुटलेला असतो.

आणि प्रेक्षक. जे आधी पोचले, बांधून मोकळे झाले, ते आपापल्या बोटीच्या मागच्या बाजूला पेले भरून बसलेले असतात. तिकीट नाही, मध्यंतर नाही. एखादी बोट उलटी शिरायला लागली की सगळ्या धक्क्यावरची कुजबुज थांबते.

"फेंडर! फेंडर! तो नाही, दुसरा!"

"दोघंही सारखेच आहेत, बाबा!"

"स्टारबोर्ड! स्टारबोर्डला ढकल!"

"बेकरी का चर्च?" वहिनी.

वाऱ्यानं बोटीचं नाक चर्चकडे वळवलं. शेजारच्या बोटीवरची इटालियन आजी शांतपणे उठली, पाय पुढं करून आमची ४६ फुटी बोट टाचेनं थोपवून धरली आणि दुसऱ्या हातानं ऑलिव्ह खात राहिली. अशा वेळी धक्क्यावरचा पोरगा, त्याला मरिनेरो म्हणतात, आपलं खरं रूप दाखवतो. वय एकोणीस-वीस, पायात स्लिपर, अंगात बनियन. तो ओरडत नाही. "कॅप्टन, न्यूट्रल," एवढंच म्हणतो. कॅप्टन न्यूट्रल करतात. "कॅप्टन, थोडं पुढं." कॅप्टन थोडं पुढं घेतात. "कॅप्टन, आता काही करू नका." हे तिसरं सगळ्यांत कठीण, पण तेही ते करतात. बोट आत येते. "ब्राव्हो, कॅप्टन!" पोरगा म्हणतो, वहिनींच्या हातून दोर घेतो, तिढा घालतो आणि पुढच्या कॅप्टनला कॅप्टन म्हणायला निघून जातो.

पाच मिनिटांत आमचे कॅप्टन हात धुऊन, टोपी सरळ करून, पेला भरून मागच्या बाजूला येऊन बसलेले असतात. पुढची बोट शिरायला लागते. "वेग बघ," ते हलक्या आवाजात म्हणतात. "वाऱ्याचा अंदाजच नाही. आणि ओरडतोय किती! बायकोवर ओरडतात का असं?" वहिनी तेव्हा हाताला लागलेलं शेवाळ पुसत असतात. माणूस निर्लज्ज नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. दोर बांधल्याबरोबर आधीची वीस मिनिटं त्यांच्या स्मरणातून पुसलीच जातात. तशी ती पुसली गेली नाहीत तर दुसऱ्या दिवशी कुणी धक्का सोडणारच नाही, आणि क्रोएशियाचा निम्मा पर्यटन-व्यवसाय बसेल.

व्हिसची आणि कोमिझाची 'पोगाचा' हा एक वेगळा प्रकार. एकाच बेटाच्या दोन टोकांना दोन गावं. दोन्हीकडे खारवलेले मासे आणि कांदा भरलेली भाकरीवजा रोटी. कोमिझावाले टोमॅटो घालतात, व्हिसवाले म्हणतात टोमॅटो घातला की वाट लागली. पुण्याच्या माणसाला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. कॅप्टननी दोन्ही गावांत त्या-त्या गावाची बाजू घेतली.

त्यांची एक बाजू मात्र धक्क्यावरच्या प्रेक्षकांना कधी दिसत नाही. एक-दोन रात्री आम्ही खाडीत नांगर टाकून राहिलो. पाण्याच्या खोलीच्या चारपट-पाचपट साखळी सोडायची असते. कॅप्टननी ती मोजून सोडली, मग चष्मा लावून पाण्यात उडी मारली आणि नांगर वाळूत रुतलाय की गवतावर घसरतोय ते खाली बघून आले. रात्री सगळे झोपले. मला पाणी प्यायला जाग आली, तर वर डेकवर बॅटरी हलत होती. कॅप्टन स्वेटर घालून बसलेले, एक डोळा फोनवरच्या नांगराच्या अलार्मवर, एक किनाऱ्यावरच्या दिव्यावर. दिवा जागचा हलला तर समजायचं आपण हललो. "तू झोप," ते म्हणाले. "मला काही झोप येत नाही." सकाळी सहाला त्यांनीच सगळ्यांना उठवलं, वारा निसटू नये म्हणून. मुलीनं शिव्या घातल्या. रात्रीचं ते काही बोलले नाहीत, आणि माझ्याकडे बघून मीही बोलू नये असा डोळा केला.

परतीच्या आदल्या दिवशी युगो सुटला. आभाळ खाली आलं, गाद्या ओलसर झाल्या, आणि सगळ्यांचं डोकं फिरलं. जुन्या दुब्रोव्निकच्या प्रजासत्ताकात युगो चालू असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथले लोक सांगतात. आमच्या बोटीवर निर्णय घेणारा एकच होता, आणि त्या ओल्या वाऱ्यात शिडाखालून आठ तास हुकूम सोडून त्याचा घसा पार बसला. शुक्रवारी सकाळी कॅप्टननी तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

काश्तेलात शुक्रवारी दुपारनंतर डिझेलच्या पंपासमोर बोटींची रांग लागते. टाकी भरून परत द्यायची असते. रांगेत पुढं घुसणाऱ्या दोन बोटींवर आमचे कॅप्टन नुसते हातवारे करत राहिले. मग आपल्या जागेवर बोट लावायची वेळ आली. अरुंद फट, दोन्ही बाजूंना कोऱ्या बोटी, वारा आडवा. धक्क्यावर पेले भरलेले. कॅप्टन सुकाणूवर, आणि वहिनी मागं उभ्या राहून त्यांना हातानं खुणा करत: थोडं बेकरीकडे (इथं बेकरी नव्हती, पण दोघांना कळलं), आता सरळ, आता थांब, आता काही करू नकोस. लेकीनं दोर उचलला आणि न पळता टोकाशी नेला. डोंबिवलीकरानं फेंडर धरला, पहिल्याच झटक्यात बरोबर तोच. बोट सुरकन आत आली आणि एका बाजूलाही न घासता उभी राहिली. कुठंच कुणी काही बोललं नव्हतं. धक्क्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. मरिनेरोनं अंगठा वर केला, वहिनींकडे बघून.

कॅप्टन बराच वेळ काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. वहिनींनी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणतोय?" डोंबिवलीकरानं विचारलं.

"वारा पडला होता म्हणे."